बेटावरचा झोन एकेका प्लॉटपुरता बदलू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्याच्या नगरनियोजन कायद्यातील कलम १७(२) आणि ३९अ यांवर, म्हणजे जमिनीचा झोन (तिचा ठरवून दिलेला वापर) बदलू देणाऱ्या कलमांवर, आपल्या दैनिकात बरेच छापून येते. त्यात डोंगरकापणी आणि किनारपट्टी हेच विषय जास्त असतात. मांडवीतल्या दिवाडी, चोडण, जुवे या बेटांचे दुखणे मात्र निराळे आहे, म्हणून हे पत्र.

आमच्याकडची सखल जमीन म्हणजे मुख्यतः खाजन. ही शेते भरतीच्या पातळीच्या खाली असतात. नदीच्या बाजूला बांध आणि बांधात मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारी झडपेची मोरी. भरतीला पाण्याच्या दाबाने मानशीची दारे आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडतात. त्यामुळे एका बांधाआड जितकी शेते, तितक्यांचे पाणी एकच. मधल्या एका सर्व्हे नंबरात मातीचा भराव पडला की पावसाचे पाणी शेजारच्या शेतात तुंबते आणि पोयण, म्हणजे मानशीलगतचा आतला पाणसाठा, गाळाने भरू लागते. बांध फुटून खारे पाणी आत शिरले तर जमिनीतले मीठ धुऊन निघायला पावसाळे जावे लागतात. ज्याने भराव घातला तो तोवर प्लॉट विकून मोकळा झालेला असतो.

२०२३ च्या दुरुस्तीने आलेले कलम १७(२) नेमके एकेका प्लॉटसाठी होते. प्रादेशिक आराखड्यातली ‘चूक’ सुधारायची म्हणून मालकाने अर्ज करायचा आणि झोन बदलून घ्यायचा. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वे रद्द केली. पण त्याआधीच, २०२४ मध्ये, कलम ३९अ आले होते. त्यात लोकांना हरकत घ्यायला ३० दिवस मिळतात. सूचनेत सर्व्हे नंबर असतो आणि क्षेत्रफळ असते. ते शेत कोणत्या मानशीवर आहे हे कोण सांगणार? पलीकडच्या कुळाला आपला या अर्जाशी काही संबंध आहे हे कळेपर्यंत महिना सरतो.

लोकांना विचारून आराखडा करता येतो, हे गोव्याने एकदा पाहिले आहे. लोकांच्या आंदोलनामुळे २०११ पर्यंतचा प्रादेशिक आराखडा २००७ मध्ये मागे घ्यावा लागला. त्यानंतर वास्तुविशारद चार्ल्स कुरैया यांचा सहभाग असलेल्या कृती दलाने २०२१ पर्यंतच्या आराखड्याचे काम हाती घेतले आणि गावागावांचे नकाशे पंचायतींकडे पाठवले. वाट कुठून जाते, पोयण कुठे आहे, कुठल्या उतारावर घर बांधू नये, हे तिथल्या माणसांना विचारले गेले. हे काम परिपूर्ण होते असे मी म्हणणार नाही. ग्रामसभेने सांगितले एक आणि अंतिम नकाशात आले दुसरेच, अशी तक्रार अनेक गावांची होती. २०१२ मध्ये सरकार बदलले आणि तोही आराखडा काही वर्षे बासनात गेला. निदान गावाचा नकाशा गावासमोर पसरला गेला, ही रीत तरी टिकवायला हवी होती.

गावची जमीन सामाईकपणे सांभाळणारी पूर्वीची गावकारी परत आणा, असेही माझे म्हणणे नाही. तिच्यात हक्क गावकारांच्या पुरुष वारसांचा. बायकांना आणि बाहेरून येऊन पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांना तिथे स्थान नव्हते. कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कूळ संघांकडे गेली, पण मानशीवरच्या मासेमारीच्या लिलावात कोळंबीचे पैसे दिसू लागल्यावर खारे पाणी मुद्दाम आत घेणारेही आमच्यातलेच निघाले. सगळा दोष पणजीतल्या सरकारवर ढकलून चालणार नाही. आणि बेटावरच्या तरुणांना घरे हवीत, ही गरजही खरी आहे. ती घरे वाड्यालगतच्या उंच जमिनीवर कुठे बसतील हे गावाने एकत्र बसून ठरवावे. दिवाडीत वाड्यांच्या हद्दीवरून झालेल्या जुन्या भांडणाची आठवण अजून दर ऑगस्टला बोंदेराच्या उत्सवातल्या झेंड्यांनी जागवली जाते. रेषा कुठे ओढायची यावर इथे कडाक्याचा वाद होईल, याची मला खात्री आहे. होऊ दे. अर्जदार आणि अधिकारी यांनी आपसात परस्पर ठरवण्यापेक्षा तो वाद बरा.

मागणी साधी आहे. बेटांवर झोनबदलाचा विचार सर्व्हे नंबरनिहाय न करता एका बांधाआडच्या संपूर्ण खाजनाचा करावा आणि ग्रामसभेच्या ठरावाशिवाय तो पुढे नेऊ नये. २०११ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत गोव्यातील खाजनांचे नकाशे व व्यवस्थापन आराखडा करण्याचे आणि तिथे विकासकामांना परवानगी न देण्याचे स्पष्ट म्हटले आहे. त्या नकाशांवर प्रत्येक मानस आणि पोयण दिसली पाहिजे. आणि झोनबदलाची सूचना वृत्तपत्राच्या कोपऱ्यात व राजपत्रात छापली जाते, तशीच ती नकाशासकट फेरीच्या धक्क्यावर लावावी. दिवाडीला पूल नाही. बेटावरचा प्रत्येक माणूस तिथे फेरीची वाट पाहत उभा असतो आणि त्याच्याकडे वाचायला भरपूर वेळ असतो.

आपला,
दिवाडी येथील एक शेतकरी वाचक