बाखच्या प्रतीतला आगंतुक बार

महोदय,

मुंबई, पुणे, गोव्यात पियानोच्या परीक्षांची तयारी करणारी मुले जर्मन संगीतकार बाखच्या रचनांची स्वरलिपी अनेकदा इंटरनेटवरून फुकट उतरवून घेतात. ती आधी तपासावी. ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हिअर’ या त्याच्या कीबोर्ड-रचनांच्या संग्रहाच्या पहिल्या खंडातला (१७२२) सी मेजर प्रिल्यूड (सुरुवातीची छोटी रचना) घ्या आणि बार, म्हणजे स्वरलिपीत उभ्या रेषांनी पाडलेले तालाचे भाग, मोजा. बाखच्या हस्तलिखितात ३५ आहेत. कित्येक जुन्या आवृत्त्यांत ३६ भरतात. बाविसाव्या बारात तळाचा स्वर एफ शार्प, तेविसाव्यात थेट ए फ्लॅट. ही उडी श्वेंके या नक्कल करणाऱ्या जर्मन संगीतकाराला खटकली असावी. त्याच्या नकलेत मध्ये ‘जी’ स्वरावरचा एक बार घुसला, पुढे तोच छापत गेला. बाखने योजलेला ताण तिथेच सैल पडतो.

पियानोवादक चेर्नीने संपादित केलेल्या १८३७च्या आवृत्तीतल्या लय, स्लर (स्वर जोडून वाजवणे), क्रेसेंडो (आवाज हळूहळू वाढवणे) यांच्या खुणाही संपादकाच्या आहेत. बाखच्या काळातल्या हार्पसिकॉर्ड या कीबोर्ड-वाद्यावर बोटाच्या दाबाने आवाज हळूहळू वाढवता येतच नाही! म्हणून उर्टेक्स्ट, म्हणजे मूळ प्रतींवरून तपासलेली, आवृत्ती घ्यावी आणि तिच्या शेवटच्या टिपा जरूर वाचाव्यात. बोटांचे क्रमांक मात्र त्यातही बहुधा संपादकाचेच असतात. हाताला सोयीचे नसतील तर पेन्सिलीने बेलाशक बदलावेत.

– एक पियानो शिक्षिका, पुणे