सह्याद्रीच्या घळया तळातून पाहाव्यात : सोलापूरच्या मित्रास पत्र

महाड, जि. रायगड
मार्गशीर्ष, शुद्ध पक्ष

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

आंध्र प्रदेशातल्या गंडिकोट्याहून परतल्यावर तू लिहिलेले सविस्तर पत्र आणि सोबतची छायाचित्रे पोहोचली. पेन्ना नदीने एर्रामला डोंगररांगेतून कापून काढलेली ती घळई, दोन्ही तीरांवर रचल्यासारखे दिसणारे तांबूस कातळ आणि कड्याच्या अगदी काठावर उभा असलेला किल्ला, हे सारे तू इतक्या बारकाईने लिहिले आहेस की ते पत्र मी घरात सर्वांना वाचून दाखवले. शेवटी तू विचारले आहेस की असे काही तुमच्या कोकणात आहे का, आणि असेल तर येत्या जुलैमध्ये पाऊस भरात असताना यावे का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आनंदाने ‘हो’ असे देतो. दुसऱ्याचे उत्तर मात्र स्पष्ट ‘नाही’ असे आहे, आणि त्याची कारणे सविस्तर सांगण्यासाठीच हे पत्र लांबणार आहे.

गंडिकोट्याचे खडक क्वार्टझाइटचे, म्हणजे वाळूच्या थरांपासून घडून पुढे अतिशय कठीण झालेले, आणि वयाने शंभर कोटी वर्षांहून जुने आहेत. आपला सह्याद्री त्या मानाने तरुण आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक पसरत गेले आणि त्यातून हा काळा बेसॉल्ट तयार झाला. कोणत्याही कड्याकडे नीट पाहिलेस तर हे थर आडव्या पट्ट्यांनी ओळखू येतात. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये विटकरी रंगाच्या मातीची एक रेघ दिसते. एक लोट थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्या काळात ऊनपावसाने झिजलेला पहिल्या लोटाचा तो पृष्ठभाग असतो. ही रेघ मऊ असल्यामुळे पाणी तिला लवकर पोखरते, वरचा कठीण थर अधांतरी राहतो आणि कधीतरी कोसळतो. आपल्याकडचे कडे इतके सरळसोट का, याचे एक उत्तर त्या रेघेत आहे.

दुसरे उत्तर नद्यांच्या उतारात आहे, आणि ते समजण्यासाठी महाबळेश्वरच्या आर्थर सीटसारखी जागा नाही. तेथे उभे राहिले की एका बाजूला सावित्रीचे खोल, अंधारे खोरे दिसते आणि दुसऱ्या बाजूला कृष्णेचे, जोर गावाकडचे खोरे. दोन्ही नद्या एकाच पठारावर, साडेतेराशे मीटरच्या आसपास उगम पावतात. कृष्णा वाईला पोहोचते तेव्हाही ती समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर असते, आणि पुढे तिला बंगालच्या उपसागरापर्यंत सुमारे १४०० किलोमीटरचा प्रवास करायचा असतो. आमची सावित्री मात्र तीस किलोमीटरही नसलेल्या हवाई अंतरात, महाडपाशी, जवळजवळ समुद्राच्या पातळीला येऊन टेकते. दासगावपर्यंत तर खाडीची भरतीच पोहोचते. जी नदी एवढ्या थोड्या अंतरात एवढी उंची उतरते, आणि जिच्या माथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिला कातळ कापण्याची विलक्षण ताकद लाभते. पश्चिमेच्या नद्या अशा रीतीने आपल्या उगमाकडे मागे मागे खणत जातात, आणि घाटमाथ्याची कड हळूहळू देशाकडे सरकत राहते.

म्हणूनच माझे म्हणणे असे आहे की सह्याद्रीतल्या घळया वरच्या ‘पॉइंट’वरून पाहून समजत नाहीत. कठड्याला टेकून खाली पाहिले की खोली दिसते, धुके दिसते, छायाचित्रही चांगले येते. पण ती घळ कशी झाली हे कळत नाही. ते कळायचे तर पाणी जेथे येऊन पोहोचते त्या टोकाने, म्हणजे कोकणाच्या बाजूने, वर चढत जायला हवे. तळाशी गेल्यावर पायाखाली घरांएवढ्या शिळा असतात, त्या कोणत्या थरातून निखळल्या हे मान वर केली की दिसते, आणि ओढ्याच्या पात्रात रांजणखळगे असतात. भोवऱ्यात अडकलेले गोटे वर्षानुवर्षे एकाच जागी गरगर फिरून कातळात गोल, गुळगुळीत खड्डे कोरतात. हिवाळ्यात पाणी ओसरल्यावर त्या खड्ड्यांत हात घातला तर ते कोरणारे गोटे तळाशी सापडतात. हे पाहताना मला जो आनंद होतो तो कोणत्याही कठड्यावरून झालेला नाही.

तुला प्रथम सांदण दरी दाखवावी असे माझ्या मनात आहे. तिचे वरचे तोंड अकोले तालुक्यातील साम्रद गावाजवळ आहे आणि खालचे तोंड कोकणात, शहापूर तालुक्यातील डेहणे गावाच्या बाजूला उघडते. रतनगड, आजोबा आणि अलंग-मदन-कुलंग यांच्या सान्निध्यात पठाराच्या जमिनीलाच एकाएकी पडलेली ही भेग आहे. आत शिरल्यावर दोन्ही भिंती इतक्या जवळ येतात की आभाळाची केवळ चिंचोळी पट्टी उरते, आणि काही भागांत तळाशी ऊन पोहोचतच नाही. सुरुवातीला एक-दोन ठिकाणी पाणी साचलेले असते. ऋतूप्रमाणे ते कधी घोट्याएवढे, तर कधी छातीपर्यंत असते आणि माघातही बर्फासारखे गार लागते. बहुतेक लोक साम्रदहून उतरतात, अर्ध्यावरून परततात किंवा दोर लावून खालचे टप्पे पार करतात. दोराचे टप्पे आपल्या वयाला झेपणारे नाहीत, हे मी मोकळेपणाने सांगतो. आपण डेहण्याच्या बाजूने शिळांवरून जेवढे वर जाता येईल तेवढे जाऊ, आणि वरचा भाग दुसऱ्या दिवशी साम्रदहून पाहू. दोन्ही टोके पाहिल्याशिवाय सांदण पाहिली असे मी मानत नाही.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडाही असाच. वरून त्याची आत वळलेली कमान पाहायला गर्दी होते, आणि ती व्हावी अशीच ती जागा आहे. दरीतल्या ढगांवर उमटणारे वर्तुळाकार इंद्रधनुष्य तेथून दिसल्याची नोंद ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३५ साली प्रसिद्ध केली होती. परंतु मुरबाड तालुक्यातील बेलपाड्याच्या अंगणात बसून त्याच कड्याकडे पाहिले तर तो गावावर वाकून उभा आहे असे वाटते. बेलपाड्याचे लोक त्या कड्याची सावली, त्यावरून सुटणारा वारा आणि पावसाळ्यातला त्याचा आवाज यांवरून दिवसाचा अंदाज बांधतात. तेथून नळीच्या वाटेने गडावर चढणारे गिर्यारोहकही याच माणसांना वाट विचारत जातात.

घळया आणि खिंडी या पूर्वीपासून जाण्यायेण्याच्या वाटा होत्या, हेही ध्यानात असू दे. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतला माल सातवाहनांच्या काळात नाणेघाटातून जुन्नरकडे जात असे. पायथ्याच्या वैशाखऱ्याहून चढून वरच्या अरुंद खिंडीत पोहोचलास की राणी नागनिकेच्या शिलालेखाचे लेणे आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण दिसतो. तेथेही गाडीने वरपर्यंत जाऊन परतणारे अनेक जण भेटतात. मला मात्र चढून आलेल्या माणसालाच ती खिंड काय आहे ते उमगते असे वाटते.

आता जुलैविषयी. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर सावित्रीच्या पुरात बुडाले होते, आणि त्याच दिवशी आमच्या तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या पावसानंतर आषाढातल्या डोंगराकडे केवळ शोभा म्हणून पाहणे मला जमत नाही. घळईत तर धोका आणखी वेगळा असतो. तुझ्या डोक्यावर ऊन असते, पण काही कोसांवर माथ्यावर ढग फुटलेला असतो, आणि ते सारे पाणी त्या एकाच चिंचोळ्या वाटेने खाली येते. बाहेर पडायला दोन्ही बाजूंना भिंतीशिवाय काही नसते. वाहते पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यातून पाचोळा आणि काटक्या येऊ लागल्या, किंवा वरच्या बाजूने घुमल्यासारखा आवाज आला, तर क्षणभरही विचार न करता उंच जागा गाठावी, असे तेथील जाणती माणसे सांगतात. घळईतल्या झाडांच्या फांद्यांत अडकलेला वाळका कचरा कधी पाहिलास तर तो किती उंचीवर आहे ते अवश्य पाहा. गेल्या पावसाळ्यात पाणी तेथवर होते. भिऱ्याजवळच्या देवकुंड धबधब्यासारख्या ठिकाणी माणसे बुडाल्यामुळे प्रशासन पावसाळ्यात मनाई आदेश काढते, आणि तरीही लोक आडवाटेने जातात, याचे मला मनापासून दुःख होते.

पावसातली दरी पाहायचीच असेल तर ती सुरक्षित जागेवरून पाहावी. आंबोलीजवळच्या कावळेसादला दरीतून वर येणारा वारा धबधब्याचे पाणी उलटे माथ्यावर फेकतो, ते दृश्य कठड्याच्या अलीकडे उभे राहून मनसोक्त पाहता येते. कड्यावरून पाहण्याला माझा विरोध त्या एका ऋतूपुरता मागे घेतो.

तू माघात ये. तोपर्यंत ओढे ओसरलेले असतात, दगडांवरचे शेवाळ सुकलेले असते आणि हवा चढाईला सोसवते. मधमाश्यांची काळजी मात्र तेव्हाही घ्यावी लागते. कड्यांच्या कपारींत आग्या माश्यांची मोठी पोळी असतात. धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरडा यांनी त्या चवताळतात, आणि घळईत पळायला जागा नसते. म्हणून सोबत्यांना हे आधीच बजावून ठेव. वानरांच्या उड्यांनीही माथ्यावरचे दगड सुटतात, तेव्हा भिंतीच्या अगदी खाली जेवायला बसणे टाळायचे. पहाटे शीळकरी कस्तूर गातो तेव्हा तो कोठे बसला आहे हे दोन्ही भिंतींवरून येणाऱ्या प्रतिध्वनीमुळे कळतच नाही. त्या वेळी तू माझ्याशी बोलू नयेस अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय आपण कोठेही जाणार नाही, हेही आताच ठरवून टाकू. ठाकर आणि महादेव कोळी समाजातली तरुण मुले या वाटा लहानपणापासून तुडवत आलेली असतात. पाणी कोठे मुरते, कोणता दगड हलतो आणि कोणत्या वळणानंतर परतता येत नाही, हे त्यांना ठाऊक असते. त्यांच्या घरी जेवण सांगितले तर नाचणीची भाकरी आणि पिठले मिळते. वाटाड्याचे पैसे ठरवताना घासाघीस करायची नाही, कारण या डोंगरांनी त्या गावांना दुसरे उत्पन्न फारसे दिलेले नाही. आपला प्लास्टिकचा कचरा आपणच पिशवीत भरून परत आणू. घळईत टाकलेली बाटली पहिल्या पावसात खालच्या गावाच्या पाणवठ्यावर जाऊन अडकते.

येण्याचा मार्ग असा ठेव. सोलापूरहून पुण्याला ये, आणि स्वारगेटहून भोरमार्गे वरंध घाटाने येणारी एसटी सुरू असेल तर तीच पकड. खिडकीची जागा मिळव. घाट उतरताना ज्या खोऱ्यात समर्थ रामदासांची शिवथरघळ आहे तो सारा प्रदेश दिसतो, आणि आपण पहिल्या दिवशी तेथेच जाणार आहोत. तळव्याला चांगली पकड असलेले बूट आण. नवे घेणार असलास तर ते आधी काही दिवस घालून पाय रुळवून घे. वहिनींनाही आणावेस अशी आमच्या घरून आग्रहाची सूचना आहे. शिवथरपर्यंतची वाट त्यांना सहज जमेल, आणि पुढच्या दोन दिवसांत त्या आमच्याकडे राहिल्या तर रायगडही पाहून होईल. तारीख लवकर कळव, म्हणजे मला डेहण्याला निरोप धाडून वाटाड्याशी बोलून ठेवता येईल.

घरातील वडीलधाऱ्यांना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र