ब्री न विकल्याबद्दल आभार

छत्रपती संभाजीनगरच्या दुकानात चीजच्या काउंटरवर बसणाऱ्या ताईंस,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात परभणीला ब्री, म्हणजे पांढऱ्या सालीचं मऊ फ्रेंच चीज, न्यायची म्हटल्यावर तुम्ही सुरी खाली ठेवलीत आणि एवढंच विचारलंत, "घरी पोचायला किती तास?" पाच, असं ऐकल्यावर ब्री परत काचेआड गेली. हातात आलेला गल्ला सोडणारा माणूस दूधधंद्यात रोज भेटत नाही. म्हणून पहिले आभार त्याचेच.

कारण तुम्ही एका वाक्यात उरकलंत. इथे वाचणाऱ्यांसाठी जरा पसरून लिहितो. ब्री बाहेरून आत पिकते. वरची पांढरी बुरशी प्रथिनं तोडत जाते आणि पुढे त्यातून अमोनिया सुटतो. ४ ते ८ अंशांत हे काम सावकाश चालतं. ४२ अंशांच्या दुपारी एसटीत मात्र साल सुटते, गर वाहू लागतो आणि डबा उघडला की थेट गोठ्याची आठवण येते. वास हलका असेल तर कागद काढून अर्धा तास उघडं ठेवावं, बऱ्याचदा जातो. नाही गेला, तर ते चीज गेलं म्हणायचं.

त्याऐवजी तुम्ही वर्षभर मुरलेला गौडा, म्हणजे मूळचं डच कडक चीज, दिलात. त्यात पाणी कमी, म्हणून तो प्रवास सोसतो. पण उन्हाशी त्याचंही फार सख्य नाही. ३० अंशांच्या पुढे त्यातला स्निग्धांश पाझरून तुकडा घामेजतो, आणि नंतर फ्रिजमध्ये टाकला तरी पाझरलेलं परत आत जात नाही; कडा तेलकट आणि आतून ठिसूळ, असं काहीतरी हाती येतं. तुमची बांधणी म्हणूनच सांगण्यासारखी: आधी बटर पेपर, मग सैल झाकणाचा डबा, डब्याभोवती वर्तमानपत्राची जाड घडी, आणि तिच्या बाहेर दोन गोठवलेले जेल पॅक, सगळं थर्माकोलच्या पेटीत. ती घडी पुष्कळ जण गाळतात. पॅक थेट टेकला तर चीजमधलं पाणी गोठतं, बर्फाचे कण आतली वीण फाडतात आणि नंतर काप पडत नाही, नुसता भुगा होतो.

अर्धा किलो मागितलं तर तुम्ही २०० ग्रॅमच कापलंत. बरोबरच. कापलेली बाजू रोज थोडी सुकते आणि सुरीगणिक नवी बुरशी बसते. कडक चीजवर हिरवट डाग आला तर भोवतालचं अडीच सेंटिमीटर कापून उरलेलं खाता येतं; मऊ चीजवर भलतीच बुरशी आली तर सगळंच टाकायचं. आणि जुन्या गौड्यातले कुरकुरीत पांढरे ठिपके म्हणजे मीठ नव्हे, बुरशीही नव्हे. प्रथिनं तुटून मोकळ्या झालेल्या टायरोसिन या अमिनो आम्लाचे ते स्फटिक. लोक ते खरवडून काढतात, बघवत नाही.

शेजारी उभ्या शाकाहारी बाईंना तुम्ही न विचारता सांगितलंत की पार्मेझान म्हणून ठेवलेलं चीज सूक्ष्मजीवांपासून काढलेल्या रेनेटचं (दूध साकळवणाऱ्या विकराचं) आहे, आणि इटलीतल्या पार्मिजानो रेज्जानोला मात्र नियमानेच वासराच्या जठरातलं रेनेट लागतं. नाव जवळपास सारखं, पण काही घरांत एवढ्या फरकावर ताट बाजूला सारलं जातं.

भाकरीवर वितळवायला १०० ग्रॅम कोवळा गौडा वेगळा दिलात, तेही ध्यानात आहे. मुरता मुरता प्रथिनांची साखळी तुटते, म्हणून जुन्याला तार येत नाही. ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरवून वर किसायचं आणि मिनिटभर झाकायचं, बस्स. तव्यावरच ठेवलं तर प्रथिनं आकसून तूप वेगळं होतं. पातळ सॉस करायचा असेल तर किसात आधी चमचाभर कॉर्नफ्लोअर चोळावं, मंद आचेवर दुधात थोडं थोडं सोडावं, उकळी येऊ देऊ नये.

एक गोष्ट मात्र पटली नाही. जुन्या गौड्यासोबत जालन्याची मोसंबी सुचवलीत. मोसंबीच्या आंबटपणापुढे त्याची खरपूस गोडी दबते. गुळाचा खडा आणि चार भाजके शेंगदाणे ठेवून बघा. तुकडा मात्र फ्रिजमधून पाऊण तास आधी काढलेला हवा. गारठलेल्या चीजला चवच नसते.

दोन्ही जेल पॅक धुऊन परत पाठवत आहोत. ब्री संक्रांतीच्या सुमारास न्यायला येऊ. तेव्हाही २०० ग्रॅमच कापा.

आपले,
परभणीचे दूधवाले