मेंढपाळाची खंजिरी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जगभरच्या तालवाद्यांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. जेंबे आहे, काहोन आहे, तबला तर आहेच. हातात धरून बोटांनी वाजवायच्या चर्मवाद्यांची मात्र ‘डफ, खंजिरीसारखी साथीची वाद्ये’ एवढ्या चार शब्दांत बोळवण झाली. मी गेली तीस-एक वर्षं गावच्या भजन मंडळात खंजिरी वाजवतो. ते चार शब्द मला लागले, म्हणून हे लिहायला बसलो. लिहायचं आहे ते इटलीचे खंजिरीवादक आल्फियो आंतिको यांच्याबद्दल. त्यांचं नाव त्या लेखात यायला हवं होतं.

आंतिको यांचा जन्म 1956 सालचा, सिसिली बेटावरच्या लेंतिनीचा. एत्ना ज्वालामुखीच्या दक्षिणेचा हा मुलूख संत्र्यांचा. आम्हा वरूड-मोर्शीकडच्या माणसांना एवढं वाचूनच तो जवळचा वाटायला लागतो. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत हा मुलगा मेंढ्या राखत होता. ना संगीत विद्यालय, ना स्वरलिपी. ताल आला तो आजीकडून, कळपाच्या गळ्यातल्या घंटांमधून आणि रानातल्या एकांतातून.

त्यांचं वाद्य आपण ओळखू असंच आहे. गोल लाकडी कडं, त्यावर शेळीचं किंवा मेंढीचं कातडं, कड्याच्या खाचांत पत्र्याच्या चकत्या. लहान आकाराचं ते तांबुरेल्लो, आणि मोठं, खर्जातलं ते ताम्मोर्रा. नेपल्सच्या आसपास मेरीमातेच्या जत्रांमध्ये या ताम्मोर्रावर गाणं आणि नाच चालतो, आणि चकत्या पुष्कळदा जुने डबे कापून केलेल्या असतात. दक्षिण इटलीतला तारांतेल्ला नाच तर सहा मात्रांच्या झोक्यावर चालतो. आपला दादरा ज्याच्या कानात बसला आहे, त्याचा पाय आपोआप हलू लागतो. आंतिको आपली वाद्यं स्वतः बनवतात, स्वतः मढवतात, कड्यावर कोरीव काम करतात. त्यांतली काही इतकी मोठी असतात, की धरलेल्या माणसाची छाती झाकून जाते.

नातवाने मोबाइलवर त्यांचं वादन पहिल्यांदा दाखवलं, तेव्हा मी आवाज ऐकायच्या आधी हात पाहिले. एका हाताने कडं पेललेलं, दुसऱ्या हाताची पाचही बोटं सुटी. कडेला नखाची टिचकी, मध्ये पंजाची थाप, मग अंगठा आणि बोटं आलटून पालटून इतकी जलद, की एका कातड्यातून दोन माणसं वाजवत असल्याचा भास व्हावा. मध्येच हात थांबतो आणि बोट कातड्यावरून नुसतं घासत जातं, तेव्हा आतून गुरगुर उठते. आमच्याकडे याला कोणी साथ म्हटलं असतं का? गाणारा गप्प बसला तरी इथे ऐकायला भरपूर आहे.

सत्तरच्या दशकात हा तरुण फ्लॉरेन्सला पोहोचला. तिथल्या सिन्योरिया चौकात तो वाजवत असताना नेपल्सचे संगीतकार एउजेनिओ बेन्नातो यांनी त्याला ऐकलं आणि आपल्या ‘मूझिकानोवा’ या मंडळीत घेतलं. ती वर्षंच तशी होती. युद्धानंतर दक्षिणेतली लाखो माणसं तुरीन-मिलानच्या कारखान्यांकडे गेली होती आणि गावची वाद्यं गरिबीची खूण म्हणून मागे टाकली गेली होती. अमेरिकेचे अ‍ॅलन लोमॅक्स आणि इटलीचे दिएगो कार्पितेल्ला यांनी 1954-55 साली गावोगाव हिंडून ध्वनिमुद्रणं केली, म्हणून कितीतरी गाणी टिकली. पुढे बेन्नातोंसारख्यांनी ती मंचावर आणली. पण मंचावर आणणारे बहुतेक शिकलेले, शहरातले होते. आंतिको थेट कुरणातून आले, आणि मला वाटतं, त्यांच्या हातातला वेगळेपणा तिथूनच आला.

पुढे फाब्रित्सिओ दे आंद्रे, लूचो दाल्ला, विनिचो कापोस्सेला, कार्मेन कोन्सोली अशा इटलीतल्या मोठ्या गायक-गीतकारांबरोबर त्यांनी वाजवलं. नाटकांसाठीही वाजवलं. स्वतःच्या गीतांची भाषा मात्र सिसिलीची बोलीच ठेवली. साठीला आल्यावर, 2016 साली, ‘आंतिको’ नावाच्या अल्बममध्ये त्यांनी तरुण संगीतकारांना सोबत घेतलं आणि आपल्या कातडी वाद्यांशेजारी इलेक्ट्रॉनिक आवाज बसवले. 2020 साली आला ‘त्रेमा ला तेर्रा’, म्हणजे ‘जमीन हादरते’. या कामात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट: नव्या आवाजांना जागा करून देण्यासाठी त्यांनी खंजिरीचा आवाज गुळगुळीत केलेला नाही. कातड्याची खरखर तशीच आहे. नवे आवाज तिच्याभोवती येऊन बसतात.

‘वर्ल्ड म्युझिक’ ही पाटी 1987 साली लंडनमधल्या छोट्या रेकॉर्ड कंपन्यांनी ठरवली, दुकानात अशा तबकड्या कुठल्या फळीवर ठेवायच्या हे कळावं म्हणून. आंतिको त्याच्या कितीतरी आधीपासून वाजवत होते. आज दक्षिण इटलीतल्या मेल्पिन्यानो या छोट्या गावात दर ऑगस्टमध्ये ‘नोत्ते देल्ला तारांता’ हा लोकसंगीताचा महोत्सव भरतो. 1998 पासून तो चालू आहे आणि शेवटच्या रात्री लाखावर माणसं जमतात. तांबुरेल्लो तिथे मंचाच्या मध्यावर असतं. 2003 साली तर इंग्लंडच्या ‘द पोलीस’ या रॉक बँडचे ड्रमवादक स्ट्युअर्ट कोपलंड तिथे संगीत-दिग्दर्शक म्हणून आले होते. ज्या वाद्याची एकेकाळी लाज वाटत होती, त्याच्यासाठी जग त्या गावात येतं.

आता आपल्याकडचं सांगतो. मागच्या वर्षी माझ्या नातीने एका तालवाद्य स्पर्धेसाठी अर्ज भरला. अर्जातल्या वाद्यांच्या यादीत तबला, पखवाज, ढोलकी, संबळ होते, खंजिरी नव्हती. फोन केला तर उत्तर मिळालं, ‘ते भजनातलं साथीचं वाद्य आहे, एकल वादनाला चालणार नाही.’ पोरीने काही न बोलता खंजिरी पिशवीत घालून खुंटीला लावली आणि दोन महिने हात लावला नाही. तिला पंधरा मिनिटं एकटीने वाजवता येतं. मी ऐकलं आहे, आणि आजोबा म्हणून सांगत नाही, चुका काढणारा वादक म्हणून सांगतो. डाव्या हाताचं बोट कातड्यावर दाबून ती स्वर चढवते-उतरवते, ते मला आजही तिच्याइतकं सफाईने जमत नाही.

वंदनीय तुकडोजी महाराजांनी हीच खंजिरी घेऊन गावंच्या गावं जागी केली. मोझरीच्या परिसरात वाढलेल्या कोणाला हे सांगावं लागत नाही. दक्षिणेत कर्नाटक संगीताच्या मंचावर तिची बहीण, कंजिरा, तनी आवर्तनात, म्हणजे मैफलीतल्या फक्त तालवाद्यांच्या भागात, मृदंगमच्या बरोबरीने वाजते. ग्लेन व्हेलेझ या अमेरिकी वादकाने तोच कंजिरा दक्षिणेतले मृदंगमवादक रामनाड राघवन यांच्याकडून शिकून घेतला आणि जगातल्या नाना खंजिऱ्यांचं एकल वादन उभं केलं. म्हणजे वाद्यात कमी काही नाही.

आपल्या वृत्तपत्राकडे माझं मागणं दोन गोष्टींचं आहे. एक, पुरवणीत आल्फियो आंतिको यांच्यावर स्वतंत्र लेख यावा, एखाद्या संगीताच्या जाणकाराकडून लिहवून घेतलेला. दुसरं, विदर्भातले खंजिरीवादक, दिमडी वाजवणारे वाघ्ये, हलगीवाले यांच्या हातांचे, त्यांच्या तालांचे, वाद्य मढवायच्या रीतीचे तपशील कोणीतरी त्यांच्या घरी जाऊन टिपून घ्यावेत. आमच्या मंडळात आता फायबरच्या पानाच्या, नटबोल्ट आवळायच्या खंजिऱ्या आल्या आहेत. पावसाळी हवेत त्या ढिल्या पडत नाहीत, हे खरं. पण कातड्याची खंजिरी निखाऱ्यावर किती वेळ धरायची, कुठल्या आवाजाला ती ‘आली’ म्हणायची, हे आमच्या गावात आता दोघांनाच माहीत आहे. त्यांतल्या एकाचं वय ब्याऐंशी आहे.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळींना हे पत्र वाचायला मिळालं, तर यंदाच्या अर्जात एक ओळ वाढवावी, एवढी विनंती. नातीने पिशवी पुन्हा खाली काढली आहे.

आपला,
एक वाचक
ता. तिवसा, जि. अमरावती