मांतोंच्या टेकडीवरील एका दुपारीबद्दल

आदरणीय मादाम,

सप्रेम नमस्कार. फ्रान्समधील मांतोंच्या आमच्या मुक्कामात आपण आपली एक अख्खी दुपार आमच्यासाठी खर्ची घातलीत, त्याबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आमच्याकडची मंडळी नीस आणि मोनाको पाहून परततात, इटलीच्या सीमेला टेकलेल्या आपल्या गावी क्वचितच उतरतात; त्यांनीही हे वाचावे म्हणून ते मराठीत आहे. फ्रेंच तर्जुमा माझी मुलगी सोबत जोडत आहे.

आम्ही आलो होतो समुद्रासाठी. आपण मात्र आम्हाला पायऱ्या चढवून सां मिशेलच्या चर्चसमोर, करड्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षी असलेल्या चौकात नेलेत आणि पिशवीतले लिंबू कापून सालीसकट खायला लावलेत. साल कडू लागेल या भीतीने मी ती हळूच चावली, आणि ती चक्क गोडसर निघाली. याच लिंबांवर आणि तेलावर मोनाकोच्या राजाने लादलेल्या करांना कंटाळून मांतों आणि शेजारचे रोकब्रून 1848 मध्ये वेगळे झाले, 1860 च्या मतदानाने फ्रान्सकडे गेले आणि पुढच्या वर्षी राजाने 40 लाख फ्रँक घेऊन आपला हक्क सोडला, हे आपण सांगितलेत तेव्हा तोंडात लिंबाची चव होती.

त्यानंतरचे जुने कबरस्तान मात्र मी जन्मभर विसरणार नाही. रग्बीशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या विल्यम वेब एलिस यांच्या कबरीपाशी प्रवासी थांबतात. आपण आम्हाला तिथून पुढे, क्षयाने गेलेल्यांच्या कबरींकडे नेलेत. डोंगर उत्तरेचा वारा अडवतात म्हणून हिवाळा येथे सौम्य असतो. 1859 मध्ये डॉ. जेम्स हेन्री बेनेट हे इंग्रज डॉक्टर क्षयाने खंगून, शांतपणे मरण यावे म्हणून येथे आले आणि बरे झाले. त्यांच्या पुस्तकामुळे युरोपभरातून रुग्ण येऊ लागले, हॉटेले उभी राहिली, आणि 1882 च्या मार्चमध्ये राणी व्हिक्टोरियाही येऊन राहिली. त्याच महिन्यात बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला! बेनेट वाचले, पण त्यांच्यामागून आलेले बरेचसे रुग्ण वाचले नाहीत. आपण रुमालाने एका दगडावरची धूळ पुसून त्यावरचे वय मला बोटाने दाखवलेत : 24.

माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ मिरजेच्या आरोग्यधामात याच आजाराने, जवळपास याच वयात गेला. आमच्या घरी त्याचे नाव कोणी घेत नसे. हे मी आपल्याला तिथे सांगू शकले नाही, कारण माझ्याजवळ शब्द नव्हते. आपण न विचारता माझा हात धरून उभ्या राहिलात.

पुन्हा त्या वाटेने जाणे झाले, तर त्या दगडापाशी माझ्या वतीने एक फूल ठेवावे, ही विनंती.

आपली ऋणी,
एक पुणेकर पाहुणी