कांद्याची लॉटरी आणि तुमचे आभार

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

ग्रंथालयातल्या तुमच्या निरोप समारंभात मला हेच बोलायचं होतं, पण तिथं हारतुऱ्यांची घाई होती आणि मंत्रीमहोदय वाट बघत होते. म्हणून हे जाहीर पत्र.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधली साधी माणसं घरी कशी राहत होती, हे शिकवायचं म्हणून मी ग्रंथालयात पुस्तकं मागायला आले होते. तुम्ही आधी ‘पंच’ या ब्रिटिश विनोदी, व्यंगचित्रांच्या साप्ताहिकाचे बांधीव खंड टेबलावर ठेवलेत आणि म्हणालात, “ज्या चित्राला हसू येत नाही, तिथं कागद घालून ठेवा. त्या वाचकांना जे वेगळं सांगावं लागत नव्हतं, ते तिथंच सापडेल.” इतकी वर्षं इतिहास शिकवतेय, पण पद्धतीबद्दल इतकं कामाचं वाक्य मला कुणी दिलं नव्हतं.

मुलं पहिल्यांदा अडली ती कांद्यापाशी. आमचा निम्मा वर्ग निफाड-लासलगावकडचा. कांद्याचा भाव पडला की घरात काय होतं, हे त्यांना नको तितकं ठाऊक. पण व्यंगचित्रातल्या माणसानं कांदा भेट मिळाल्यावर हरखून जावं, यात गंमत काय ते कळेना. तेव्हा तुम्ही नकाशा उघडलात. ब्रिटनचा बराचसा कांदा फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातून आणि चॅनेल बेटांवरून यायचा. १९४०च्या उन्हाळ्यात दोन्ही जर्मनांच्या ताब्यात गेली आणि बाजारातला कांदा दिसेनासा झाला. कचेऱ्यांमधून चक्क एकेका कांद्याची लॉटरी निघू लागली. “लिलाव माहीत होता मॅडम, लॉटरी नव्हती माहीत,” एक मुलगा म्हणाला, आणि पुढचा तास मुलांनीच चालवला.

मग कपडे. १ जून १९४१ला कपड्यांवर रेशन आलं, माणशी वर्षाला ६६ कुपनं. आधी बोभाटा झाला असता तर दुकानांवर झुंबड उडाली असती, म्हणून नवी कुपनं छापलीच नव्हती. रेशनच्या पुस्तकातली मार्गारीनची (लोण्याऐवजी वापरायच्या स्निग्ध पदार्थाची) शिल्लक कुपनं कपड्यांना चालतील, असं सरकारनं जाहीर केलं. मार्गारीनच्या कुपनावर सदरा! सरकारच असं वागायला लागल्यावर व्यंगचित्रकारानं वेगळं काय रचायचं? रस्त्यावरच्या दिशादर्शक पाट्या काढून टाकलेल्या (उतरलेल्या शत्रूला वाट सापडू नये म्हणून), आंघोळीला टबात पाच इंच पाणी, चहा आठवड्याला माणशी दोन औंस. पाठ्यपुस्तकात हे सगळं ‘टंचाई’ या एका शब्दात उरकलेलं असतं.

‘पंच’चा व्यंगचित्रकार पॉन्ट, त्याचं एक चित्र तुम्ही मुद्दाम शेवटी दाखवलंत. ऑगस्ट १९४०. पबमध्ये माणसं निवांत बिअर पीत बसली आहेत आणि रेडिओवरून जर्मन प्रचारक सांगतोय की आक्रमणाच्या भीतीनं अख्ख्या ब्रिटनची गाळण उडाली आहे. कुणाला त्याचं काही नाही. पॉन्ट, म्हणजे ग्रॅहम लेडलर, त्याच नोव्हेंबरात पोलिओनं गेला, वयाच्या ३२व्या वर्षी. मुलांना चित्र फार आवडलं. तुम्ही मात्र विचारलंत, “हे लोक खरंच इतके शांत होते, की असं दिसायला त्यांना आवडत होतं?”

तो प्रश्न त्यानंतर प्रत्येक चित्राला लागला. व्यंगचित्रकार फुगासची ‘बोलण्यात जपा’ सांगणारी पोस्टरं घ्या. दोन बायका गप्पा मारताहेत आणि मागच्या बाकावर हिटलर आणि त्याचा साथीदार गोरिंग बसलेत. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला जबर जखमी झालेला हा माणूस, ‘पंच’चा कलासंपादक, त्यानं ती पोस्टरं ब्रिटिश सरकारच्या माहिती मंत्रालयासाठी, मोबदला न घेता काढली. हसता हसता सरकारी सूचनाच गळी उतरायची. शिवाय ‘पंच’ मुख्यतः सुखवस्तू घरांत वाचला जायचा. त्यातल्या बाईसाहेबांचं दुःख म्हणजे स्वयंपाकीण गेली. १९४१च्या डिसेंबरात विशीतल्या अविवाहित बायकांनाही युद्धकार्य सक्तीचं झालं. कारखान्यात गेलेल्या त्या स्वयंपाकिणीला काय वाटत होतं, ते या पानांवर शोधायला गेलं तर फारसं हाती लागत नाही.

आणि मग तुम्ही त्या खंडांशेजारी चित्रकार चित्तप्रसाद यांची बंगालमधल्या मिदनापूरची, १९४३च्या दुष्काळातली रेखाटनं ठेवलीत. एकच साम्राज्य, एकच युद्ध. तिकडं अंड्याच्या भुकटीवर विनोद होत होते, कारण रेशनवर ठरलेलं थोडंफार तरी मिळत होतं. इकडं बंगालमध्ये लाखो माणसं उपाशी मेली. तुम्ही त्यावर भाषण दिलं नाहीत, याबद्दल वेगळे आभार. मुलांनीच विचारलं, की विनोद करायला आधी पोटात किती असावं लागतं? उत्तर अजून वर्गात भांडत-भांडत चाललंय.

हे सगळं तुमच्या कामाच्या यादीत कुठंच नव्हतं. पुस्तक काढून दिलं, सही घेतली, एवढ्यावर तुम्ही थांबला असता तरी कुणी काही म्हटलं नसतं.

कागद घातलेली बरीच पानं अजून उलगडलेली नाहीत. दिवाळीनंतर एखादी दुपार मोकळी असेल तर वर्गावर या. चहा माझ्याकडून, तोही बिनरेशनचा.

तुमची,
इतिहासाची मॅडम