हिशोब वाचून दाखवणाऱ्या मालकांस

आदरणीय साहेब,
सा. न. वि. वि.

शिरोली एमआयडीसीतल्या तुमच्या फौंड्रीत, ओतकामाच्या कारखान्यात, साचे भरणारा मोल्डर म्हणून उभी हयात घालवलेल्या माणसाची मी मुलगी. आण्णा नुकतेच निवृत्त झाले. ग्रॅच्युइटी वेळेत जमा झाली, पीएफचं कामही तुमच्या ऑफिसनेच बघितलं. त्याबद्दल आभार आहेतच. पण हे पत्र लिहायला बसले ते तुम्ही आण्णांना ग्रॅच्युइटीचा हिशोब वाचून दाखवलात म्हणून.

भट्टीच्या झळा सोसून आण्णांचे डोळे अधू झालेत. बारीक अक्षर दिसत नाही आणि तसं ते कुणाला सांगतही नाहीत. क्लार्कने कागद पुढे सरकवला, सहीच्या जागेवर बोट ठेवलं. आण्णांनी पेन उचललंसुद्धा. तेवढ्यात तुम्ही टेबलामागून उठलात, त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसलात आणि कागद हातात घेऊन मोठ्याने वाचायला लागलात. शेवटचा मूळ पगार, महागाई भत्ता, त्याला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, मग नोकरीची वर्षं. प्रत्येक ओळीला थांबून विचारत होतात, "पटतंय का बघा, आण्णा." वर्षांच्या ओळीला आण्णा "बरोबर" म्हणाले. तुम्ही मात्र थांबलात. "ठेकेदाराच्या हजेरीवर होता ती वर्षं कुठायत यात? तेव्हापण साचे माझेच भरत होतासा की." आणि आकडा बदलून कागद नव्याने करायला लावलात.

मी दाराशी उभी होते. त्या वर्षांवर आम्ही कधीच पाणी सोडलं होतं. कुणी मागितलं नव्हतं, कुणी भांडलं नव्हतं, तुमच्या रजिस्टरात त्या वर्षांचा कागदही नव्हता.

हे एवढं मनाला का लागलं, ते सांगते. तुमच्याकडे येण्याआधी आण्णा दुसऱ्या एका फौंड्रीत होते. नाव लिहीत नाही. तिथे दर महिन्याला पगारातून पीएफ कापला जायचा आणि खात्यावर एक पैसा भरला जायचा नाही. कामगाराचे १२ टक्के कापून ठेवून घेणं हा कायद्याने विश्वासघाताचा गुन्हा आहे. त्या मालकांना ते माहीत नव्हतं असं मी मानत नाही. युनिट बंद झालं तेव्हा कोऱ्या व्हाउचरवर सह्या घेतल्या. यात काय लिहिणार असं आण्णांनी विचारलं तर उत्तर मिळालं, "तुला वाचून काय करायचंय?" आईने त्या वर्षी कानातलं मोडून माझी फी भरली. त्या मालकांचं नाव आजही देणगीदारांच्या पाट्यांवर दिसतं. ते वाचताना माझ्या पोटात कालवतं.

व्यवसायातल्या नीतीचा विषय निघाला की लोक टाटांचं नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. जमशेदपूरच्या त्यांच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ साली सुरू झाला, देशाच्या कारखान्यांना कायद्याने आठवड्याचे ४८ तास लागू व्हायला त्यानंतर तीसहून जास्त वर्षं लागली. पण याच नावाआड लहान मालक लपतात, हेही मी ऐकत आले आहे. "ते टाटा आहेत, आम्हाला कुठलं परवडतंय?" तुमचा कारखाना काही मोठा नाही, साहेब. ऑर्डरी कमी झाल्या की शिफ्ट बंद ठेवावी लागते, गाडीवाल्या कंपन्यांकडून पैसे अडकतात, वीजबिल कुणासाठी थांबत नाही. हे सगळं आण्णांच्या तोंडून घरात ऐकलंय. त्या वाढलेल्या वर्षांचे पैसे तुमच्या खिशातूनच गेले, आणि कुणी बघायला नसताना गेले. तो निर्णय तुम्ही सीएला विचारूनही घेतला नाहीत. खुर्ची तुमची, सही तुमची, म्हणून जबाबदारीही तुमचीच, असं तुम्ही वागलात.

घरी येताना आण्णा गाडीवर काही बोलले नाहीत. रात्री मात्र आईला सगळा हिशोब तोंडपाठ म्हणून दाखवला, भागिले २६ सकट. आपल्या कष्टाची किंमत कशी काढली जाते, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं होतं.

गोकुळ शिरगावला माझा धाकटा भाऊ मशीन शॉप टाकतोय, दोन पोरं कामाला ठेवणार आहे. पहिल्या महिन्यापासून त्यांचे कागद कसे ठेवायचे, ते विचारायला त्याला तुमच्याकडे पाठवतेय. त्याला थोडा वेळ द्या. आणि आईने विचारलंय, तुमचे उपवासाचे वार कुठले? ते सोडून एका दिवशी वहिनींना घेऊन जेवायला यायचंय.

आपली,
आण्णांची थोरली लेक